अलार्मची वायर

आमच्या घरात पुरुष चिडला की त्याला कडक म्हणायचे आणि बाई चिडली की आगाऊ. मोठे काका कडक होते. मी आगाऊ होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन्हींत कुठेच बसत नव्हते, कारण ते चिडतच नसत. हे लिहायला बसले तेव्हा मनाशी ठरवलं होतं, शांतपणे लिहायचं. इतकी वर्षं झाली, काका गेले, अण्णा गेले, आमच्या शेडाच्या जागी आता मंगल कार्यालय उभं आहे. पण पहिल्याच ओळीला कान तापले. तेव्हा शांतपणा राहू दे.

घर आणि शेड यांच्यात एकच भिंत होती. पुढे शेड, मागे घर, मधल्या दाराला पडदा. जालन्याच्या ज्या अंगाला सळईच्या मिला आहेत तिकडे आम्ही राहायचो, त्यामुळे सकाळ मिलच्या भोंग्याने व्हायची आणि दोरीवरच्या कपड्यांवर दिवसभर काळी कणी पडायची. भोंग्यानंतरचा आवाज भाकऱ्यांचा. आई आणि मोठी काकू समोरासमोर दोन परातींत भाकऱ्या थापायच्या आणि दोघींचा ठेका इतका जुळलेला असायचा, की एक थांबली तर दुसरीचाही हात रेंगाळायचा. ज्वारी आमच्याच तीर्थपुरीच्या शेतातली. शेत बटईने दिलेलं होतं. सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला नाहीतर धपाटे आणि दही, दुपारी भाकरी आणि येसराची आमटी. आधी मोठे काका जेवायचे, त्यांचं ताट उठलं की अण्णा, मग आम्ही बायका. आमटी आवडली तर काका काही बोलायचे नाहीत. नाही आवडली तर वाटी पुढे सरकवायचे. त्या वाटीच्या आवाजाला दोन्ही जावा दचकायच्या. मला तेव्हाही वाटायचं, देवाने तोंड दिलंय ना, मग बोला की! पण थोरल्याने वाटी सरकवायची आणि बाकीच्यांनी ओळखायचं, अशीच आमच्या घरची रीत होती.

शेडातही तेच. अण्णा धाकटे. हातकाम सगळं अण्णांचं आणि हुकूम काकांचे. आज हे घे. बरं. ते राहू दे. बरं. परवा जो माल द्यायचाय तो आजच कर. बरं. अण्णांच्या त्या ‘बरं’चा मला लहानपणी अभिमान वाटायचा. माझे वडील किती समजूतदार, भावाभावांत कसा एकोपा! पाहुणेसुद्धा उदाहरण द्यायचे. एकोपा कशाला म्हणतात हे मला बरंच उशिरा कळलं.

आम्ही पेरणीयंत्राच्या चकत्या बनवायचो. ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्रात बियाण्याच्या डब्याच्या तळाशी एक गोल चकती फिरते. तिच्या कडेने भोकं असतात. एका भोकात एक दाणा बसतो, चकती फिरत फिरत त्याला नळीच्या तोंडाशी आणते आणि दाणा खाली पडतो. ज्वारीची चकती वेगळी, हरभऱ्याची वेगळी. मधलं मोठं भोक, जे यंत्राच्या दांड्यावर बसतं, ते अण्णा लेथवर करायचे. कडेची भोकं आखून, पंच मारून, ड्रिलने पाडायची. ह्या कडेच्या भोकांचं रिंगण मधल्या भोकाशी जुळलेलं असावं लागतं. रिंगण जरा एका अंगाला सरकलं, की अर्ध्या फेरीत दाणा नळीच्या काठाला चिरडतो आणि अर्ध्या फेरीत नीट पडतो. सरकलेलं रिंगण नुसत्या डोळ्याला दिसत नाही. ते दिसतं रान उगवून आल्यावर, आणि तोवर पेरणीची वेळ निघून गेलेली असते. पुढचं सगळं भांडण ह्या सरकलेल्या रिंगणाचं आहे.

काकांना नव्याची हौस होती, हे त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं तर बोलता येतं. औरंगाबादकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्यांनी जुनी मिलिंग मशीन उचलून आणली आणि पुण्याहून तिच्यासाठी सर्व्हो मोटरी, त्यांचे ड्राइव्ह आणि एक कॉम्प्युटर मागवला. मी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरात बसले होते. स्थळं बघणं चालू होतं. काका म्हणाले, “घरचीच पोरगी शिकलेली हाय, बाहेरचा मिस्तरी कशाला? वने, तूच जोड.” आणि मी जोडली. पॅनेलमधली वायर न् वायर माझ्या हातची. पुस्तिका इंग्रजीत होत्या, त्या शब्दकोश घेऊन वाचल्या. जेवण अर्धं टाकून शेडात पळायचे आणि आई पडद्याआडून ओरडायची, अगं, घास तरी गिळ. मशीन चालू झाली तेव्हा काका येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे, “आमची पोरगी कॉम्प्युटरवर मशीन चालवून राह्यली.” मला त्या मशीनपाशी जागा मिळाली होती, स्टुलावर, स्क्रीनसमोर. ती जागा मला स्वयंपाकघरापेक्षा, येणाऱ्या स्थळांपेक्षा, कशाहीपेक्षा जास्त हवी होती. हे त्या वेळी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून आता सांगते.

मशीन उभी असतानाही मोटरी बारीक गुणगुणायच्या, कारण ड्राइव्ह मोटरला जागेवर धरून ठेवतो, हलू देत नाही. आई म्हणायची, शेडात गांधीलमाशी शिरलीय का बघा. अण्णांना मात्र त्या आवाजाचं कुतूहल होतं. एकदा ओट्यावर चहा पिताना त्यांनी मला सगळं नीट सांगायला लावलं. मी सांगितलं, कॉम्प्युटर मोटरला ठोके पाठवतो. एक ठोका म्हणजे एक बारीकसं पाऊल. दुसऱ्या वायरीवरून फक्त दिशा, ह्या अंगाला की त्या अंगाला. आपण पाठवलेले ठोके तो मोजतो आणि तोच आकडा स्क्रीनवर दाखवतो. मोटर खरंच तेवढी फिरली का, हे त्याला ठाऊक नसतं.

“मंग मोटरच्या मागं ते डबडं कशाला बशिवलंय?” अण्णांनी विचारलं.

“तो एन्कोडर. मोटर किती फिरली ते तो सांगतो. पण कॉम्प्युटरला न्हाई सांगत, अण्णा. ह्या पेटीला सांगतो, ड्राइव्हला. ड्राइव्ह बघतो, ठोके किती आले आन् मोटर किती फिरली. मागं पडली तर जोर लावतो. लईच मागं पडली, कुठं अडकली, तर हात टेकतो. लाल दिवा लावतो आन् मोटर सोडून देतो.”

“आन् कॉम्प्युटर?”

“त्याला कळवायला ही वायर हाय, अलार्मची. हिच्यामुळं सगळी मशीन थांबती. मंग पुन्यांदा शून्य धरायचं आन् पुढं चालायचं. ही वायर नसली तर लाल दिवा लागू द्या न्हाईतर काही होऊ द्या, कॉम्प्युटर आपला ठोके सोडतच राह्यतो. त्याला वाटतं, बराबर चाललंय.”

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “म्हंजी हुकूम सोडून मोकळा,” ते म्हणाले आणि हसले. अण्णा क्वचित हसायचे, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

मशीन थांबायची. चकती घेऊन ड्रिलखाली सरकणारं जे टेबल, त्याची एक स्लाइड, म्हणजे ते ज्यावर सरकतं ती पट्टी, जुनी होती आणि एका ठिकाणी धरायची. तिथे टेबल अडलं की ड्राइव्हचा लाल दिवा लागे, अलार्म जाई आणि सगळं गप्प. मग मी टेबलावरच्या खुंटीला टेकवून शून्य, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती जागा, पुन्हा धरायचे. चकती ह्याच खुंटीवर बसायची, म्हणून शून्य खुंटीशी जुळलेलं असणं महत्त्वाचं. वेळ जायचा. काका तिथेच येरझाऱ्या घालत असायचे. “सारखी काय थांबती? हिचं कौतिक करावं का हिचे नखरे बघावेत?” अण्णा म्हणाले, स्लाइड उघडून घासावी लागेल, मशीन चार दिवस बंद ठेवावी लागेल. काका म्हणाले, दसरा होऊ दे. अण्णा म्हणाले, बरं.

खंडे नवमीला आमच्याकडे शेडाची पूजा असायची, तशी ती सगळीकडेच असते. पण आमच्या शेडाची एक जास्तीची रीत होती, आजोबांच्या लोहारभट्टीपासून चालत आलेली. पूजा झाली, नारळ फुटला, की मशीन चालू करून एक नग काढायचा. त्याला पूजेचा नग म्हणायचे. तो नग पूर्ण होईपर्यंत मशीनने थांबायचं नाही आणि माणसाने हात काढायचा नाही. नग अडखळला तर वर्ष अडखळतं. हातोडा आणि ऐरण होती तोवर ही रीत सोपी होती. हात माणसाचा, न थांबणं माणसाच्या हातात. त्या वर्षी पूजेचा नग नव्या मशीनवर निघणार होता, आणि तो बघायला काकांनी वडीगोद्रीपासूनची गिऱ्हाइकं बोलावली होती. आदल्या दिवशी मशीन दोनदा थांबली. काकांचं तोंड बघवत नव्हतं.

नवमीला मी शेडात नव्हते. मशीन मी जोडली, चालवत मी होते, पण पूजेला पुरुष आणि पुरणाला बायका. पडद्यापलीकडे माझी मशीन चालू होत होती आणि मी पाट्यावर पुरण वाटत होते. आज कुणी माझ्यासमोर ह्या गोष्टीला परंपरा वगैरे म्हणालं तर मी उठून जाते. आवाज मात्र ऐकत होते. मोटरी घरघरल्या, ड्रिल उतरलं, चढलं, उतरलं. टेबल जिथे अडायचं ती जागा आली आणि गेली. मशीन थांबली नाही. बाहेर टाळ्या वाजल्या. मला वाटलं, अण्णांनी रात्रीतून काही करून स्लाइड मोकळी केली असावी. मी मनातून खूश झाले आणि पुरण जास्तच बारीक वाटलं.

त्यानंतर लगेच घनसावंगीला आत्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्या घरचं बघायला मला धाडलं. कुणाला तरी जायचं होतं. काकू जाऊ शकली असती, पण काका म्हणाले, वनी जाईल, मशीन आता न थांबता चालतीय, मीच बसतो. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस तोंडावर होते आणि चकत्यांना मागणी होती. आत्या हिंडू-फिरू लागेपर्यंत मी तिथे भांडी घासली, तिच्या म्हशीची धार काढली आणि जीपमध्ये तिघांच्या सीटवर चौथी म्हणून कोंबून बसून घरी परत आले, तर शेडाच्या ओट्यावर वडीगोद्रीचे किसनराव बसलेले. रस्त्याकडेला त्यांचं अवजारांचं दुकान होतं. आमच्या चकत्या यंत्रात बसवून ते यंत्रं विकायचे. त्यांच्यासोबत दोघं शेतकरी होते. पुढ्यात पोत्यावर चकत्यांचा ढीग.

“भाऊ, हे काय दिलंत तुमी?” किसनराव काकांना म्हणत होते. “हातभर हरभरा उगवला, हातभर मोकळं रान. पुन्यांदा हातभर उगवला, पुन्यांदा मोकळं. समद्या तासांला, वळी न् वळीला तसंच. आता परत पेरावं तर ओल न्हाई राह्यली जमिनीत.”

काकांनी मला दारात पाहिलं आणि त्यांचं उत्तर तयार झालं. मी अजून चप्पलही काढली नव्हती. “हिनंच जोडलंय समदं,” ते म्हणाले. “पोरीची जात, शिकाऊ हात. झाली आसंल गफलत. आमी भरवसा ठिवला, चुकलं आमचं. आता बाहेरचा मिस्तरी लावतो, ही न्हाई बसणार मशीनवर.”

एवढ्या सहज. जी पोरगी गावभर मिरवली, ती एका वाक्यात शिकाऊ हात झाली. मी पिशवी तिथेच टाकली, आत गेले, व्हर्नियर आणला आणि सगळ्यांसमोर चकती मोजली. मधल्या भोकाच्या काठापासून कडेच्या भोकापर्यंत, मग बरोबर समोरच्या बाजूला. फरक होता. दुसरी मोजली. फरक होता, आणि त्याच बाजूला. रिंगण सरकलं होतं. म्हणजे कुठेतरी टेबल अडलं, ड्राइव्हने मोटर सोडली, आणि शून्य पुन्हा न धरता काम तसंच पुढे रेटलं गेलं. पण अलार्म असताना असं होणं शक्यच नव्हतं. मी पॅनेल उघडलं. अलार्मची वायर ड्राइव्हमधून काढलेली होती आणि तिची दोन टोकं एकमेकांत पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टोकं अशी जोडली की कॉम्प्युटरला कायम वाटत राहतं, सगळं ठीक आहे.

“वायर कुणी काढली?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही.

“वायर-बियर आमाला काय सांगती?” काका म्हणाले. “इतके दिवस मशीन एकदा बी न्हाई थांबली. लाल दिवा लागला की स्विच खाली-वर केला, झालं. हिरवा लागतो, चालती पुढं. स्क्रीनवर शून्य बराबर येत होतं, मी सोताच्या डोळ्यानं बघून राह्यलो होतो.”

“स्क्रीन तेच दाखवणार! या, दाखवते.” मी किसनरावांना मशीनपाशी नेलं. दोघं शेतकरीही आले. मिलिंग मशीनच्या टेबलाला आवळायचा एक दांडा असतो; तो मी आवळला, म्हणजे टेबल हलणारच नाही. आणि कॉम्प्युटरला हुकूम दिला, चाल. मोटर कण्हली, ड्राइव्हचा दिवा लाल झाला, मोटर गप्प पडली. टेबल जागचं हललं नाही. स्क्रीनवरचा आकडा मात्र मजेत वाढत होता, दहा, वीस, पन्नास, शंभर. मी दांडा सैल केला, काका करायचे तसा स्विच खाली-वर केला. हिरवा दिवा. मग हुकूम दिला, शून्यावर ये. टेबल शंभरने उलटीकडे जाऊन उभं राहिलं आणि स्क्रीनवर शून्य आलं.

“आता सांगा, टेबल कुठं हाय आन् शून्य कुठं दाखवतंय,” मी म्हणाले. “हे मी मुद्दाम अडवलं म्हणून डोळ्यात भरतंय. जरासं चुकलं असतं तर दिसलं असतं का? एन्कोडर बोंबलून सांगत होता टेबल अडलंय म्हणून. पेटीला कळलं होतं. पेटीनं कॉम्प्युटरला सांगू नये म्हणून कुणीतरी वायर काढली. मी न्हाई काढली. मी जोडून गेल्ते.”

किसनराव समजदार माणूस. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि मान हलवली. मग काकांकडे वळून साधंच विचारलं, “मंग कुणी काढली, भाऊ?”

काका अण्णांकडे बघत होते. अण्णा लेथपाशी उभे होते, हातात तेलाचं फडकं. मी त्यांच्याकडे नजर टाकली आणि त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं, की नवमीच्या सकाळी, नारळ फुटायच्या आधी, ती टोकं कुणाच्या हातांनी पिळली आणि कुणाच्या सांगण्यावरून. टेप किती नीट गुंडाळली होती. अण्णांच्या हातचं कुठलंच काम ओबडधोबड नसे.

“मी काढली,” अण्णा म्हणाले.

“कुणी सांगितली काढायला?” मी विचारलं.

“मीच काढली म्हणलं ना.”

“अण्णा, कुणी सांगितली?”

ते फडक्याने हात पुसत राहिले. काका भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघत होते. दोघा भावांत काय ठरलं होतं ते मला दिसत होतं, आणि तो शेतकऱ्यांचा हरभरा, ती पोत्यावरची चकत्यांची रास, मी घनसावंगीत घासलेली भांडी, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी किसनरावांना म्हणाले, “आमचे अण्णा ह्या शेडात इचारल्याबगर पानी बी पीत न्हाईत. ते पॅनेल उघडतील? आता तुमीच समजा, कुणी काढली.”

बोलून मला मोकळं वाटलं. खोटं कशाला सांगू, आजही वाटतं. काका कडक होते तसेच हुशार होते. त्यांनी वायरीचं नावसुद्धा काढलं नाही. ते अण्णांकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, “ऐकलं का रं? चारचौघांत पोरगी तुला बैल म्हणून राह्यली.”

आणि सगळी गोष्ट फिरली. आता वायर कुणी काढली हा प्रश्नच उरला नाही. आता प्रश्न होता, पोरगी बापाला काय बोलली. किसनराव अवघडले. “चकत्या नव्या करून द्या. बाकी तुमचं घरचं हाय,” एवढं बोलून ते शेतकऱ्यांना घेऊन गेले. अण्णांनी मान वर केली, आणि मला वाटलं, आता बोलतील. इतक्या वर्षांत एकदा तरी थोरल्या भावाकडे बघून बोलतील. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “आत जा.”

नव्या चकत्या मीच केल्या, कारण बाहेरचा मिस्तरी काही आला नाही. वायर जोडली. स्लाइड उघडायला काकांनी तेव्हाही नकार दिला, म्हणून मशीन थांबायची, मी शून्य धरायचे, पुढे चालवायचे. एकही चकती वाकडी गेली नाही. काका त्या दिवसांत शेडात आले की माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. शेवटची चकती गेली आणि त्यांनी ताटावर बसल्या-बसल्या जाहीर केलं, आता वेगळं व्हायचं. मोठ्या काकूच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. आई माझ्याकडे बघत होती, जणू मीच घरात विस्तव टाकला.

आज मी दुसऱ्यांच्या मशीन बसवून देते, दुरुस्त करते. कुठल्याही शेडात गेले की चहाच्या आधी पॅनेल उघडते. अजूनही कुठे कुठे ती टोकं पिळलेली सापडतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, “मॅडम, सारखी थांबत होती.” मी त्यांना असं काही बोलते, की माझ्या पाठीमागे ते काय म्हणत असतील ते मला पाठ आहे. म्हणू देत.

आमच्याकडे वाटण्यांची रीत आहे, थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करणार नाही. काकांनी दोन वाटे केले. एकात नवी मशीन. दुसऱ्यात लेथ, ड्रिल आणि बाकीचं सामान. उचलायचा मान अण्णांचा. मी पडद्याला धरून उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी अण्णांना हुकूम करत नव्हतं, उलट विचारत होतं, तुला काय पाहिजे? मशीन म्हणायला किती वेळ लागतो? त्यांना ठाऊक होतं, त्या स्टुलावर कोण बसतं. त्यांना ठाऊक होतं, तिथून मी उठले तर मला कुठे बसावं लागणार आहे. अण्णा म्हणाले, “लेथ.”

मी नंतर विचारलं, का? ते म्हणाले, “मशीन दादाच्या हौशीची व्हती, वनू. त्याच्या हौशीवर मी कसा हात ठिवू?” माझी हौस कुणाच्या हिशोबातच नव्हती. घराच्या आणि शेडाच्या मधोमध नवी भिंत उठली आणि आई आणि काकूच्या परातीही वेगळ्या झाल्या. भिंतीच्या दोन बाजूंना दोन ठेके ऐकू यायचे आणि ते जुळायचे नाहीत.

मशीन काकांच्या शेडात गेली ती अलार्मची वायर जोडलेली गेली. ते मी मुद्दाम बघून घेतलं होतं. थोड्याच दिवसांत, आम्ही जेवत होतो, तर काकांनी भिंतीपलीकडून हाक मारली. आमच्यात बोलणं बंद होतं, पण हुकूम बंद झाले नव्हते. “पोरीला धाड जरा. ती वायर काढून दे म्हणावं. सारखी थांबून राह्यली.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “जाऊन ये.”

“न्हाई,” मी म्हणाले. “त्यांना स्लाइड घासायला सांगा. वायर मी न्हाई काढणार.”

मला वाटलं, ते रागावतील. मी रागावायची वाट बघत होते, खरंच सांगते, मला हवाच होता तो राग. एक शिवी, एक थोबाडीत, काहीही. अण्णांनी अर्धी भाकरी ताटाच्या कडेला ठेवली, हात धुतला, फळीवरचा स्क्रूड्रायव्हर आणि टेपचं रिळ घेतलं आणि पायात चपला सरकवल्या. आईने विचारलं, कुठं निघालात जेवण टाकून? ते म्हणाले, आलोच. भिंतीपलीकडे मशीन थोडा वेळ बंद राहिली. मग चालू झाली, आणि थांबली नाही. अण्णा परत आले, पाटावर बसले आणि म्हणाले, “दिली काढून,” आणि उरलेली भाकरी आमटीत कुस्करायला लागले.

मी ताटावरून उठले. त्याच महिन्यात औरंगाबादला नोकरी धरली आणि त्या घरात परत कधी पाहुणीसारखीही नीट राहिले नाही. नातेवाईक म्हणतात, गेलेल्या माणसांवर कसला राग? तुझे वडील तर देवमाणूस, कुणावर कधी चिडले नाहीत. अगदी बरोबर. ते कधीच चिडले नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याचं चिडणंही मलाच करावं लागतं. मी करते.